ढलप्यांवरची भट्टी

गॅसचा टँकर यायचा बंद झाला त्याला पाच दिवस झाले होते, आणि टाकीच्या काट्याकडे बघायची हिंमत आता एकट्या फुंकरलाच होत होती. बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघून काटा कुठे आला ते ओळखत.

फुंकर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच पडून होतं. लहानपणी आळीत कुणाची चूल पेटली नाही की बायका याला हाक मारायच्या. गाल फुगवून तो अशी फुंकर घालायचा की ओलं लाकूडसुद्धा भिडेखातर पेट घ्यायचं. पुढे काचेच्या कारखान्यात तो भट्टीवर लागला, तेव्हा नावाप्रमाणे काम मिळालेला गावातला पहिला माणूस म्हणून लोक हसले. आता तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. भुवया दोनदा जळून पुन्हा उगवल्या होत्या, आणि भट्टीच्या नुसत्या घरघरीवरून आत किती अंश आहे ते तो दहा-वीसच्या फरकाने सांगायचा.

गाव डोंगरांच्या पाठीमागे होतं. रस्ता तिथे येऊन संपायचा. एखादा नवखा ड्रायव्हर विचारायचा, "इथून पुढे कुठे जाता येतं?" आणि चौकातला न्हावी गंभीर चेहरा करून सांगायचा, "परत." अशा ठिकाणी बावीस वर्षांपूर्वी कारखाना आला तो दोन कारणांनी. एक, नदीची वाळू काचेला चांगली होती. दुसरं, मागास भागात कारखाना काढणाऱ्याला सरकार सवलती देत होतं. वाळू अजून होती. सवलती गेल्या वर्षी संपल्या होत्या.

काचेची भट्टी म्हणजे घरातली चूल नव्हे, की संध्याकाळी विझवली नि सकाळी पेटवली. ती एकदा पेटली की आठ-दहा वर्षं पेटलेलीच राहते. आत ऐंशी टन काच दाट पाकासारखी हलत असते. आच तुटली आणि ती आपली आपण निवत गेली, तर काच विटांना धरते, विटा तडकतात, वरचा घुमट खचतो, आणि मागे राहतो तो काचेचा एक डोंगर. तो फोडायला सुरुंग लागतात. मग भट्टी नव्याने बांधायची, आणि ती कंपनी इथे बांधणार नाही, हे न्हाव्यालासुद्धा कळत होतं. भट्टी गेली की औषधाच्या बाटल्या गेल्या, आणि बाटल्यांवर जगणारी तीनशे घरं गेली.

सहाव्या दिवशी सकाळी फुंकर मॅनेजरच्या खोलीत गेला. मॅनेजरला सगळे 'होईलबघू' म्हणत. पंखा बिघडला, होईल, बघू. बायकांच्या संडासाचं दार निखळलं, होईल, बघू. माणूस वाईट नव्हता. वरून काही मिळत नाही हे सांगायची त्याला लाज वाटायची, इतकंच.

"साहेब, उद्या दुपारपर्यंतचा गॅस आहे."

होईलबघू बराच वेळ टेबलावरचं काचेचं वजन गोल गोल फिरवत राहिला. ते इथल्याच भट्टीतलं होतं.

"फोन आला होता," तो म्हणाला. "टँकर येणार नाही."

"आज?"

"आज नाही नि उद्याही नाही. म्हणतात, निवू द्या."

"अशी? सोडून द्यायची? अहो, जनावर विकताना सुद्धा माणूस त्याला शेवटचं पाणी दाखवतो!"

"किनाऱ्यावरच्या कारखान्यात दुसरी भट्टी सुरू होतेय. आपलं काम तिकडे गेलं." मॅनेजरने वजन खाली ठेवलं. "मला तरी कुठे माहीत होतं? तुला मी आत्ता सांगतोय, मला त्यांनी काल सांगितलं. एवढाच काय तो माझा मान."

फुंकर उभाच राहिला. मग म्हणाला, "माझी टाकी लावू द्या."

ही टाकी म्हणजे कारखान्याच्या मागे, फुटक्या काचेच्या ढिगाआड, त्याने सहा वर्षं सुट्ट्या घालवून उभी केलेली वस्तू. हवेची एक जुनी लोखंडी टाकी, आत विटांचं अस्तर, वर लाकडाच्या ढलप्या टाकायचं तोंड, खाली मोजकी हवा सोडणारा पंखा. ढलप्या पुरत्या जळू द्यायच्या नाहीत. त्या अर्धवट जळताना जो गॅस निघतो तो पाइपने भट्टीत न्यायचा आणि तिथे पेटवायचा. डोंगरात लाकूड कापायच्या चार वखारी होत्या आणि चारही वखारींच्या मागे ढलप्यांचे ढीग कुजत पडलेले. "इंधन आपल्या दारात सडतंय आणि आपण घाटाकडे डोळे लावून बसलोय," असं फुंकर ऐकेल त्याला सांगायचा. ऐकणारे कमी कमी होत गेले होते. तीन वर्षांपूर्वी कंपनीच्या नवकल्पना स्पर्धेत त्याने वहीभर आकृत्या पाठवल्या, तेव्हा उत्तरादाखल सहभागाचं एक जाडजूड प्रमाणपत्र आलं. बायकोने ते पिठाच्या डब्याखाली सारलं, कारण डबा एका अंगाला कलत होता. "बघा," ती म्हणाली होती, "तुमच्या कल्पनेचा घरात तरी टेकू झाला."

मॅनेजरने खिडकीबाहेर बघितलं. "त्याला परवानगी नाही. मी ती देऊ शकत नाही." मग तो म्हणाला, "दोन-तीन दिवस मी रजेवर जातो. पाठ फार दुखते. आणि दुखऱ्या पाठीने मागे वळून बघता येत नाही."

त्याच्या हाताखाली बावीस वर्षं काढून फुंकरने त्याला पहिल्यांदाच मनापासून नमस्कार केला.

तासाभरात गावभर झालं. वखारवाला आधी म्हणाला, "कुजलेलं न्या, फुकट न्या, पण जागा झाडून द्या." मग त्याने स्वतःच ट्रॅक्टर काढला. फुंकरची बायको बाटल्या तपासायच्या टेबलावर होती. मोहरीएवढा बुडबुडाही तिच्या नजरेतून सुटायचा नाही. टेबलावरच्या साठही जणी तिने वखारीत उभ्या केल्या, आणि त्या ओल्या ढलप्या एकीकडे, सुक्या एकीकडे निवडायला बसल्या. बाटल्या निवडणारे हात ते; ढीग भराभर वेगळे होत गेले.

"अहो," पोतं खांद्यावरून उतरवत बायकोने विचारलं, "चालेल ना पण हे?"

"छोट्या भट्टीवर चाललंय."

"छोटी म्हणजे आपल्या परसातली. तिच्यावर तुम्ही पाणी तापवलंत."

"तापलं ना?"

ती हसली नाही. तिने पदराने त्याच्या कपाळावरची काजळी पुसली आणि दुसरं पोतं आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी टाकीतला कंपनीचा गॅस संपला. निळ्या काचेतून फुंकर आत बघत होता. ज्योत आखडली, फडफडली आणि गेली. भट्टीची घरघर थांबली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या पत्र्याखाली माणसांना एकमेकांचा श्वास ऐकू आला. त्याने पंखा सुरू केला, झडप उघडली. पाइपातून धूर आला, खोकला आल्यासारखे दोन भडके आले, आणि मग एक मळकट, लांब, पिवळी ज्योत काचेवर पसरली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. फुंकरने वाजवल्या नाहीत. त्याच्या कानाला ती ज्योत आवडली नव्हती.

तीन तासांत ती घुसमटून मेली. टाकीपासून भट्टीपर्यंत चाळीस पावलांचा पाइप; तेवढ्या वाटेत गॅस निवत होता आणि त्यातलं डांबर पाइपात साचत होतं. जोड उघडला तर आत काळा चिकट लगदा. आच दाखवणारं मीटर साडेचौदाशे अंशांवरून बाराशेच्या खाली आलं होतं. अकराशेच्या खाली गेलेली भट्टी माघारी येत नाही.

फुंकर पाइपावर बसला.  सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं आणि त्याला वाटत होतं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

तेव्हा भाऊजी पुढे आले. भाऊजी म्हणजे त्याच्या ताईचे यजमान, भट्टीचे गवंडी. नऊ वर्षांपूर्वी हा घुमट त्यांच्याच हातांनी बांधला गेला होता, आणि दर सकाळी कामावर येताना ते वर मान करून त्याला बघून घेत, जसं कुणी पोराचं कपाळ चाचपून बघतं. बोलणं सावकाश. त्यांनी बोट पाइपात घातलं, डांबर हुंगलं, पायजम्याला पुसलं.

"जावई आणि गॅस," ते म्हणाले, "दोघांना वाटेत थंड होऊ दिलं की दोघंही अडून बसतात. लेका, पाइप कशाला लांबवतोस? टाकीच भट्टीला आणून टेकव."

"तीन टनांची आहे, भाऊजी. आणि मध्ये भिंत आहे."

"भिंत माझी. टन तुझे."

तासाभरात भिंतीला खिंडार पडलं. टाकीखाली गोल पाइप सारले, पुढून ट्रॅक्टर, मागून दीडशे माणसं. ऊन उतरायच्या आत टाकी भट्टीला चिकटून उभी होती, आणि भाऊजी जेमतेम चार हात लांबीची वाट भट्टीच्या विटांनी आतून मढवत होते. हात असे चालत होते की विटा देणाऱ्याला धाप लागली. ताई दारात डबा घेऊन उभी होती. तो तिने तसाच परत नेला. मीटर अकराशे दहावर आलं, तेव्हा भाऊजी थापी टाकून म्हणाले, "घाल फुंकर."

या वेळी ज्योत पांढरी आली.

पुढचे तीन दिवस फुंकर घरी गेला नाही. अकराशे नव्वद. बाराशे साठ. तेराशे वीस. पाळ्या आपोआप लागल्या; कुणी कुणाला सांगितलं नाही. भट्टीच्या दोन अंगांना विटांच्या जाळीच्या दोन उंच खोल्या होत्या, त्या तापलेल्या जाळीतून हवा गेली की ज्योतीला आणखी जोर चढायचा, आणि चौथ्या दिवशी मीटर चौदाशे साठवर पोचलं. बाटल्यांचं मशीन सुरू केलं. पहिल्या बाटल्या हिरवट आणि बुडबुड्यांच्या निघाल्या. दुपारनंतर फुंकरच्या बायकोने एक बाटली उजेडात धरली, इकडून फिरवली, तिकडून फिरवली आणि चांगल्या मालाच्या खोक्यात ठेवली. कुणीतरी हुंदका दिला. होईलबघूची पाठ त्याच दिवशी बरी झाली. त्याने आकडे बघितले, घाम पुसला आणि थेट मुख्य कचेरीला फोन लावला.

एक गोष्ट मात्र फुंकरला खुपत होती. टाकीची वाट भट्टीखालच्या भुयारातून विटांच्या खोलीत शिरत होती, आणि तिथला जोड घाईत झाला होता. लाकडाच्या गॅसमध्ये जो भाग माणसाला मारतो त्याला वास नसतो. धुराचा वास तर सगळीकडेच होता, त्यात काय कळणार? गॅस ओळखणारं यंत्र त्याने याआधी मॅनेजरकडे दोनदा लेखी मागितलं होतं. उत्तर काय मिळालं ते सांगायला नको. म्हणून त्याने नियम केला: भुयारात एक जण उतरला की दुसऱ्याने तोंडाशी उभं राहून दर मिनिटाला हाक मारायची. ओ आली नाही की ओढून बाहेर काढायचं.

पाचव्या दिवशी सकाळी भाऊजी मातीचं घमेलं घेऊन जोड लिंपायला उतरले. तोंडाशी फुंकर. त्याने चार हाका मारल्या, चार ओ आल्या. तेवढ्यात होईलबघू धावत आला.

"वरून माणसं आलीत! स्वतः मोठ्या बाई आल्यात! तुला बोलावतायत, तुला!"

"भाऊजी," फुंकर वाकून ओरडला, "बाहेर या. मी जाऊन येतो."

"थोडंच राहिलंय रे," आतून आवाज आला. "अर्धा लिंपलेला सोडला तर माती पडेल. तू जा, आज तुझा दिवस आहे. शर्ट झटक आधी!"

"दोन मिनिटांत आलो."

आणि तो गेला. जाताना त्याने इकडे तिकडे बघितलं. तोंडाशी उभं करायला कुणी दिसलं नाही. पाहुणे बघायला सगळे पुढच्या अंगाला धावले होते. दोनच तर मिनिटं, तो मनाशी म्हणाला.

मोठ्या बाई म्हणजे कंपनीच्या मुख्य इंजिनिअर. पिकलेले केस आखूड कापलेले, पायात जाड बूट, आणि बरोबर चौघं तरुण वह्या घेऊन. बाईंनी हात पुढे केला आणि त्याचा काजळीचा हात मुद्दाम घट्ट धरला. "हे तुम्ही केलंत? एकट्याने?" मग त्यांनी विचारायला सुरुवात केली, आणि ते प्रश्न ऐकून फुंकरच्या अंगावर काटा आला. सहा वर्षं हेच प्रश्न तो स्वतःला विचारत होता. दुसऱ्या माणसाच्या तोंडून ते त्याने कधी ऐकले नव्हते. डांबर कुठे जळतं? ढलप्या किती ओल्या चालतात? हवा खालूनच का, बाजूने का नाही? तो सांगत सुटला. जमिनीवर खडूने आकृती काढली. ती पुसून मोठी काढली. वह्यांची पानं उलटत होती, एक जण फोटो घेत होता, बाई मान डोलावत होत्या आणि मधूनच म्हणत, "थांबा, हे पुन्हा सांगा." फुंकरला आपल्याच आवाजाची गोडी लागली होती. जन्मात पहिल्यांदा तो बोलत होता आणि जग लिहून घेत होतं.

"जोड दाखवा ना," बाई म्हणाल्या.

तो त्यांना मागच्या अंगाला घेऊन गेला. भुयार दहा पावलांवर आलं आणि बाईंच्या कमरेला लावलेली चपटी डबी किंचाळायला लागली.

"हे काय?" फुंकरने विचारलं.

"गॅस आहे इथे." बाई जागीच थांबल्या. "मागे व्हा सगळे. इथे कुणी काम करत नाही ना?"

 फुंकर धावला. बाईंनी मागून दंड धरला तो त्याने हिसडला, तोंडाला ओला फडका लावला आणि आत शिरला. भाऊजी भिंतीला टेकून बसले होते, थकून डुलकी लागल्यासारखे, गाल लालबुंद. थापी मांडीवर. जोड पुरा लिंपलेला होता.

त्यांना उन्हात आणून झोपवलं. छाती दाबली, तोंडाने हवा दिली. फुंकर फुंकत राहिला, फुंकत राहिला. कंपाउंडर आला, त्याने पापणी वर करून बघितली आणि फुंकरच्या खांद्यावर हात ठेवला. तरी तो फुंकतच होता. शेवटी बायकोने त्याला ओढून मागे घेतलं.

तिसऱ्या दिवशी मोठ्या बाई त्याच्या घरी आल्या. एकट्याच. खुर्ची नको म्हणाल्या, बाकाच्या कडेवर टेकल्या. त्यांच्या हातात दोन कागद होते आणि ते पुढे करताना त्यांनी नजर टाळली.

"एक तुमच्या नेमणुकीचा आहे. किनाऱ्यावर तुमच्या टाकीसारखी दहापट मोठी टाकी बांधायची आहे. तुम्ही तिचे मुख्य."

"आणि इथली भट्टी?"

"मृत्यू झाल्यावर इथे चालू ठेवणं शक्य नाही. वरचा निर्णय झाला आहे." मग हळूच, "तो आधीच झाला होता. हे निमित्त झालं."

"दुसरा कागद?"

"गवंडी न सांगता, आपणहून आत गेले, असं त्यात लिहिलंय. तुमची सही हवी. सही झाली तर चौकशी लवकर मिटेल आणि तुमच्या ताईंना कंपनीकडून जे मिळायचं ते अडणार नाही." बाई उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "खरं सांगते, गेल्या तीस वर्षांत असं काम मी बघितलं नव्हतं."

"आता नका सांगू," फुंकर म्हणाला. "तुमच्या पाया पडतो, आता नका सांगू."

कागद खिशात घालून तो ताईकडे गेला. ताई मागच्या खोलीत कपडे घड्या करत होती. भाऊजींचे सदरे. घडी करायची, मोडायची, पुन्हा करायची. तो उंबऱ्यावर बसला आणि कागदात काय आहे ते त्याने सांगितलं. मग खरं काय झालं ते सांगितलं. तोंडाशी मी होतो. मी त्यांना एकटं सोडून गेलो.

ताईचे हात थांबले नाहीत.

"किती वेळ?"

"दोन मिनिटं म्हणालो होतो."

"किती वेळ, ते विचारतेय मी."

"चाळीस मिनिटं."

"चाळीस मिनिटं काय सांगत होतास रे त्यांना?"

 "हवा आत कुठून येते, ते."

ताईने सदरा पेटीत ठेवला. पेटीचं झाकण लावलं. "सही कर, नाहीतर करू नको. मला विचारू नको. आणि इथे येऊ नको."

त्याने सही केली नाही. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर त्याने सगळं जसंच्या तसं सांगितलं: नियम आपण केला होता, आपणच मोडला, आणि यंत्र दोनदा मागितलं होतं त्या अर्जांच्या नकला या. होईलबघूला विचारलं तेव्हा तो घाम पुसत म्हणाला, "हो, अर्ज आले होते. मी बघतो म्हणालो होतो." फुंकरची नोकरी गेली, नेमणुकीचा कागद रद्द झाला. ताईला मिळायचं ते खूप उशिरा आणि खूप हेलपाट्यांनी मिळालं. प्रत्येक वेळी कचेरीत तिच्यासोबत फुंकरची बायको गेली; दोघी बसमध्ये शेजारी बसायच्या, आणि त्याचा विषय काढायच्या नाहीत.

भट्टी विझली ती आपली आपण. कुणी थांबलं नाही तिच्यापाशी. नऊ दिवस विटा तडकायचे आवाज चौकापर्यंत येत होते. आधी मोठे, बंदुकीसारखे, मग बारीक. न्हावी कात्री थांबवून ऐकायचा, मग पुन्हा केस कापायला लागायचा. दहाव्या दिवशी घुमट बसला. मग ट्रेलर आला आणि टाकी घेऊन गेला, कारण ती कंपनीच्या जागेत, कंपनीच्या भंगारातून बनली होती. एकेक करून घरांना कुलपं लागली. वखारवाल्याचं मात्र बरं चाललं. किनाऱ्यावरची मोठी टाकी सुरू झाली होती, आणि तिला रोज दोन ट्रक ढलप्या लागत.

फुंकर आता त्याच वखारीत पोती भरायचा. बायको सुकी-ओली निवडायची. पूर्वी कुठल्याही चुलीपुढे तो थांबून बघायचा. आता घरातला स्टोव्हसुद्धा बायकोच पेटवायची आणि तो तेवढा वेळ अंगणात जाऊन उभा राहायचा.

सात महिन्यांनी एका ट्रक ड्रायव्हरने त्याला घडी घातलेला कागद आणून दिला. किनाऱ्यावरच्या टाकीवर काम करणाऱ्या, त्याने कधी न पाहिलेल्या एका भट्टीवाल्याचा. अक्षर वेडंवाकडं. 'आमच्याकडे पाइपात डांबर धरतंय. इंजिनिअर लोक सांगतात ते करून बघितलं. इथे म्हणतात, हे यंत्र ज्याने केलं तो तिकडे आहे. दादा, हवा किती ठेवायची ते कळवा. आम्ही सोळा जण आहोत.'

दोन दिवस त्याने कागद खिशात ठेवला. तिसऱ्या दिवशी बायकोने वही आणि पेन्सिल पोत्यावर आणून ठेवली. त्याने लिहिलं. हवा किती, ढलपी केवढी, जोड कुठे, वाट चार हातांहून लांब का नको. शेवटी लिहिलं की भुयारात कुणी उतरलं तर तोंडाशी माणूस हवाच, आणि तो माणूस कुणीही बोलावलं तरी हलता कामा नये, मालक आला तरी नाही. लिहून झाल्यावर कागद ड्रायव्हरला द्यायच्या आधी त्याचे पाय ताईच्या घराकडे वळले. येऊ नको म्हणाली होती, म्हणून तो फाटकाबाहेरच थांबला. ताई अंगण झाडत होती. तिने त्याला बघितलं, झाडू भिंतीला लावला आणि त्याच्या हातातल्या कागदासाठी फाटकावरून हात पुढे केला.

ती उभ्या उभ्या वाचत गेली. ओठ हलत होते. शेवटच्या ओळींपाशी थांबली, त्या पुन्हा वाचल्या.

"हे खाली का लिहिलंस?" ती म्हणाली. "इथवर कोण वाचतंय? हे आधी लिही. मोठ्या अक्षरात."

तिने कागद परत दिला, झाडू उचलला आणि घराच्या मागच्या बाजूला गेली. फुंकर तिथेच रस्त्याच्या कडेला दगडावर बसला, बगलेतल्या वहीतलं कोरं पान काढलं आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागला. खाली घाटात ट्रकचा हॉर्न वाजत होता. ड्रायव्हरला उशीर होत होता.